बाई गेल्या, अंगण राहिले

शिक्षक वारले की आपण शोकसभा घेतो. फोटोला हार घालतो, दोन मिनिटे उभे राहतो आणि 'ते फार प्रेमळ होते' असे म्हणून खाली बसतो. यात वाईट काही नाही. परंतु त्या प्रेमाने कोणाचे काय बदलले, हे विचारायचे मात्र राहून जाते. अनुताई वाघ यांच्याविषयी लिहिताना मला हाच प्रश्न पुढे ठेवावासा वाटतो.

अनुताई २७ सप्टेंबर १९९२ रोजी गेल्या. तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांपैकी कोणाचा जन्मही झालेला नव्हता. तरीही आमच्यातील पुष्कळजण त्यांचे विद्यार्थी आहेत, असे मी म्हणेन.

त्यांचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. अशा मुलीने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आयुष्य काढावे, अशी त्या काळची रीत. अनुताई मात्र शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. बी. ए. ची पदवी तर त्यांनी पन्नाशी उलटल्यावर मिळवली. पुण्यात हुजूरपागेसारख्या नामांकित शाळेत काम केल्यावर १९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. तेव्हा तो ठाणे जिल्ह्याचा भाग होता, आज पालघर जिल्ह्यात आहे. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांत गेले आणि अनुताई अखेरपर्यंत तेथेच राहिल्या.

तेथे त्यांनी काय केले? बालवाडी उघडली, पण वस्तीतील मुले येईनात. दुसरे कोणी असते तर 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' असा शेरा मारून मोकळे झाले असते. ताराबाई आणि अनुताई यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. मोठी मुले गुरांमागे रानात जात, तर कुरणातच शाळा भरवली. ती कुरणशाळा. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून एखादी मुलगी घरी राहत असे, तर शाळेशेजारीच पाळणाघर काढले. मुलांना आधी आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने आणि खडे आले.

अनुताईंचा प्रेमळपणा मला यात दिसतो. मूल आले नाही तर दोष मुलाचा नाही, शाळेने आणखी चार पावले चालायला हवीत, अशी ती समज होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. आई-वडील ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर आमचे निम्मे गाव रिकामे होई आणि पोरेही टोळीबरोबर जात. आमच्या अंगणवाडीच्या बाई घरी येऊन आजीला म्हणाल्या, "मावशी, हिला ठेवून घ्या. चार महिने मी बघते." मी राहिले आणि शिकले. त्या बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. शाळेत शोकसभा झाली नाही. कारण शाळेच्या कागदावर त्या शिक्षिका नव्हत्या, 'सेविका' होत्या.

हा शब्द मला खटकतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पहिले गाणे शिकवते, रंग ओळखायला लावते, रांगेत बसवते ती बाई सेविका आणि पुढे तेच मूल पहिलीत गेले की त्याला शिकवणारे 'सर'! एकाला पगार, दुसरीला मानधन. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायलाही सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये निकाल द्यावा लागला.

कोणी म्हणेल, अंगणवाडीत शिकवतात कुठे? खिचडी वाटतात, वजने घेतात आणि रजिस्टरे भरतात. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पोषण आहार, लसीकरण, सर्वेक्षण आणि नोंदी यांत बाईंचा दिवस संपतो. पण मग कामाचा बोजा उतरवायचा की तिच्या शिकवण्यालाच नावे ठेवायची? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन वर्षांपासूनचे वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरले आहे. पाया म्हणायचे आणि पाया घालणारीला शिक्षिका म्हणायचे नाही, हे कसे चालेल?

आम्हा विद्यार्थ्यांच्या हाती धोरणे नाहीत. तरी दोन गोष्टी सुचवते. पाच सप्टेंबरला आपण प्राध्यापकांना गुलाबाचे फूल देतो. या वर्षी आसपासच्या गावांतील अंगणवाडीच्या बाईंनाही व्यासपीठावर बोलवावे आणि त्यांना बोलू द्यावे. दुसरे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस खराटे बाजूला ठेवून बिया, खडे, चिंध्या यांपासून अंगणवाडीसाठी खेळणी करावीत. खर्च जवळजवळ काही नाही.

प्राध्यापकांनाही एक नम्र विनंती आहे. हजेरीपटावर सलग गैरहजर असलेले एखादे नाव खोडण्यापूर्वी ते मूल कोणत्या कुरणात आहे, याची चौकशी व्हावी. आमच्यापैकी काहीजण आजही हंगामात कामाला जातात. अनुताईंचा फोटो महाविद्यालयात लागला नाही तरी चालेल, पण ही चौकशी सुरू व्हावी.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला