नवी कोंबडी घरात रुळवताना

वार्षिक परीक्षा संपली की आमच्या शाळेतल्या निम्म्या घरांत काही ना काही नवे येते. कुणाकडे सायकल, कुणाकडे बकरीचे पिल्लू, तर कुणाकडे आठवडी बाजारातून आणलेल्या तीन-चार कोंबड्या. मग आठवड्याभरात एखादी आई भेटते आणि विचारते, "मॅडम, मुलांच्या हौसेखातर कोंबड्या आणल्या, पण जवळ गेलं की घर डोक्यावर घेतात. या कधी माणसाळणार?"

माणसाळतात, नक्की माणसाळतात. पण आधी त्या पळतात का, हे समजून घ्यायला हवे.

आपली पाळीव कोंबडी ही आशियातल्या जंगलातल्या लाल रानकोंबडीची वंशज. जंगलात तिच्यावर झडप घालणारे अनेक. म्हणून तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि मान न वळवता तिला जवळजवळ चारही बाजूंचे दिसते. आकाशातून घार आली तर ती एक आवाज काढते, जमिनीवरून मांजर किंवा मुंगूस आले तर दुसरा. आता विचार करा, आपले मूल हात वर करून, ओरडत, मागून धावत येते आणि वरून पाठीवर हात टाकते. कोंबडीच्या लेखी ती घारच झाली!

त्यात बाजारातून घरी येण्याचा प्रवास. पाय बांधून, डोके खाली लोंबकळत ठेवून कोंबड्या आणण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. कोंबडीच्या शरीरात आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळे करणारा पडदा नसतो. उलटी टांगली की आतले अवयव श्वासाच्या पिशव्यांवर दाबले जातात आणि तिला धाप लागते. अशी घाबरून आलेली कोंबडी पहिल्याच दिवशी मुलांच्या हाती दिली, तर ती माणसाला दुश्मनच समजणार. म्हणून आणताना भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका किंवा झाकणाची टोपली न्यावी.

घरी आणल्यावर शक्यतो अंधार पडताना खुराड्यात सोडावे. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, त्यामुळे ती शांत बसते. खुराडे कोरडे, हवेशीर आणि मजबूत जाळीचे हवे. रात्री बसायला आडवी काठी हवी आणि एका कोंबडीमागे किमान दोन चौरस फूट जागा. पहिले पाच-सात दिवस तिला बाहेर सोडू नये. आत दाणा, पाणी आणि कोरडी माती-राख ठेवावी. राखमातीत लोळून ती पिसांतल्या उवा झटकते. या दिवसांत खुराडे हेच आपले घर, हे तिच्या डोक्यात पक्के बसते. नंतर पहिल्यांदा सोडायचे ते दिवस मावळण्याच्या तासभर आधी. अंधार पडू लागला की ती आपली आपणच परत येते.

आता दोस्तीचे. त्यासाठी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: एकच माणूस, एकच वेळ, एकच हाक. वेळ घड्याळाची ठेवण्यापेक्षा असरच्या नमाजनंतरची ठेवावी. असरची वेळ सूर्याप्रमाणे मागेपुढे होते आणि कोंबडीचा दिवसही सूर्यावरच चालतो. हाक कोणतीही चालेल. "आ आ आ" म्हणा किंवा वाटी वाजवा, पण रोज तीच.

पहिल्या दिवशी थोडी ज्वारी किंवा तांदळाची कणी टाकून लांब बसावे. उभे राहू नये, पाटावर बसावे. माणूस उभा असला की कोंबडीला डोंगराएवढा दिसतो. रोज दाणे थोडे जवळ टाकत यावे. काही दिवसांनी दाणे पायाशी, मग तळहातावर. हात जमिनीलगत आणि स्थिर हवा. पहिली चोच बसली की मूल दचकून हात ओढते, ते आधीच सांगून ठेवावे. एखादी कोंबडी आठवड्यात हातावर येते, एखादीला महिना लागतो. त्या वेळात एकदाही पाठलाग झाला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हातावर खाऊ लागली की स्पर्श करावा, तोही खालून, छातीपाशी. पाठीवरून नाही. उचलताना दोन्ही पंख अंगाशी धरावेत आणि पायांखाली हाताचा आधार द्यावा. पंख किंवा पाय धरून उचलू नये.

घरात आधीच्या कोंबड्या असतील तर नव्या लगेच त्यांच्यात मिसळू नयेत. तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवल्या तर एखादा आजार असल्यास दिसून येतो. नंतर काही दिवस मध्ये जाळी ठेवून एकमेकींना पाहू द्यावे. कोंबड्यांत मान-पान ठरलेला असतो. कोणी कोणाला टोचायचे याचा क्रमच असतो. शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांचे निरीक्षण करून हे प्रथम मांडले. नवी आली की हा क्रम पुन्हा ठरतो, थोडी भांडणे होतातच. दाण्याची भांडी दोन ठेवावीत, म्हणजे दुबळीही पोटभर खाते. रक्त निघाले तर मात्र तिला लगेच बाजूला काढावे.

मोठ्या कोंबडीला दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागते. अंडी देणारीला शिंपल्यांचा चुरा हवा. बुरशी लागलेले धान्य मुळीच देऊ नये. मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी. मुलांनी कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, तिचे मुके घेऊ नयेत. अचानक अनेक कोंबड्या मेल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवावे. 2006 साली भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, हे विसरू नये.

रस्त्यावर मिळणारी रंगवलेली पिल्ले मात्र मुलांनी कितीही हट्ट केला तरी घेऊ नयेत. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 32 ते 35 अंश ऊब लागते. ती न मिळाल्याने बहुतेक पिल्ले दोन-चार दिवसांत मरतात आणि मूल रडत बसते.

आता एक नाजूक गोष्ट. काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गाला मी 'माझा आवडता पक्षी' हा निबंध दिला होता. एका मुलाने आपल्या कोंबडीबद्दल दीड पान लिहिले. ती कशी खांद्यावर बसते, त्याच्या हाकेला कशी धावत येते. शेवटी दोनच वाक्ये होती: 'पाहुणे आले तेव्हा ती नव्हती. अम्मी म्हणाली की पळून गेली, पण मोरीत तिची पिसं होती.'

आपण कोंबडी खाणारी माणसे आहोत, यात लपवण्यासारखे काही नाही. त्या मुलालाही ते माहीत होते. त्याला लागले होते ते अम्मीचे खोटे बोलणे. आपण मुलाला सांगतो की या जिवाचा भरवसा मिळव. तो महिनाभर पाटावर बसून तो मिळवतो. मग त्याचा भरवसा आपण का तोडावा?

म्हणून कोंबड्या आणल्या त्याच दिवशी ठरवावे आणि मुलांसमोर सांगावे: या दोन अंड्यांसाठी, यांना तुम्ही नाव ठेवा, या घरात म्हाताऱ्या होतील. हे दोन कोंबडे खाण्यासाठी आहेत, यांनाही पोटभर दाणा-पाणी द्यायचे, त्रास द्यायचा नाही, पण हातावर घ्यायचे नाहीत. जिबह करण्याची वेळ आली की आधी सांगावे. पाहायची इच्छा नसेल तर मुलाला आग्रह करू नये, आणि त्या दिवशी त्याने जेवायला नको म्हटले तर हसू नये. सुरी धारदार असावी, जनावरापुढे ती पाजळू नये, एका जनावरासमोर दुसरे कापू नये, हे तर आपल्याला दीनने शिकवलेलेच आहे. हे आदब मुलाला समजावून सांगण्याचीही हीच वेळ असते.

सगळी कामे आईच्या गळ्यात पडू नयेत, म्हणून एक काम मुलाकडे कायमचे द्या. मगरिबच्या सुमारास कोंबड्या एकेक करून खुराड्यात शिरतात. त्यांनी त्या मोजायच्या, पाण्याचे भांडे पाहायचे आणि कडी लावायची. एखादी कमी भरली तर टॉर्च घेऊन शोधायला तोच जाईल, तुम्हाला सांगावे लागणार नाही.