सकाय येसू

मंगळवारी रात्री अडीचला रोहिणीची सर आली आणि सव्वातीनला हॉलमधल्या टीव्हीवर पहिला थेंब पडला. पंचेचाळीस मिनिटं. गेल्या वर्षी पाण्याला स्लॅब ओलांडायला चांगला तासभर लागला होता, म्हणजे प्रगती आहे. हिने एक शब्द न बोलता पातेलं आणून ठेवलं. जे बोलायचं होतं ते पातेल्याच्या आवाजात आलं.

तर गेल्या जूनमध्ये याच जागी मी ज्या वॉटरप्रूफिंगवाल्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं, ते परत घेतो. कात्रण ठेवलं असेल तर फाडा. शेजारच्या आप्पांनी ठेवलंय. बुधवारी ते कात्रण खिशात घालूनच चहाला आले आणि ‘आमच्या नातवंडांना ओल हा शब्द शब्दकोशात बघावा लागेल’ हे माझंच वाक्य त्यांनी मला गळक्या छताखाली बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. दहा वर्षांची गॅरंटी होती हो. गॅरंटीचा कागद मी लॅमिनेट करून घेतला होता. आज हिशोब करतो तेव्हा कळतं, त्या सगळ्या व्यवहारात पाणी न शिरणारी तेवढी एकच वस्तू निघाली. कागदावरचा नंबर लावला की एक बाई तीन भाषांत सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

मग नेहमीच्या मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, “नाना, सकाय येसू.” पुण्याहून सुट्टीला आलेली सूनबाई बिचारी सकाळी सातला जास्तीचा चहा टाकून बसली. तिला कोण सांगणार, अहिराणीत सकाय म्हणजे उद्या. आणि मिस्त्री लोकांच्या अहिराणीत उद्या ही तारीख नसून सदिच्छा असते. बुधवारी सकाय, गुरुवारी सकाय, शुक्रवारी फोनच बंद. मुलानं तिकडून एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरा माणूस एकटाच डब्यातलं काहीतरी ब्रशनं फासतो आणि वर पाणी ओतून हसतो. हसणं तेवढं मला जमलं असतं.

पण राग आला तो पाण्याचा नाही. आप्पा चहा पिऊन उठताना जे बोलले त्याचा. “नाना, तुमना बापनं धाबं गयत नव्हतं.”

गळत होतं, आप्पा. दरवर्षी गळायचं. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात मी वयाची सतरा वर्षं काढली, मला विचारा. धाबं म्हणजे मातीचं छप्पर: सागाच्या सऱ्या, त्यावर तुराट्या, त्यावर कडुनिंबाचा पाला, त्यावर हातभर माती आणि सगळ्यांत वर खारी, म्हणजे खारट माती. ते गळायचं, पण गळणार नाही असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. कुणी गॅरंटी दिली नव्हती म्हणून दरसाल एक माणूस वर चढायचा. सगळा फरक एवढाच आहे, आणि हा आठवडाभर मी दुसऱ्या कशाचाही विचार केलेला नाही.

तो माणूस म्हणजे आमचा सालदार. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू व्हायचं आणि पुढच्या आखाजीला संपायचं. ओट्यावर बसून धान्य किती, पैसे किती, कपडे किती हे ठरायचं; झोके आणि आंब्याचा रस आटोपला की तो नव्या सालाच्या कामाला लागायचा. शेतात तेव्हा फारसं काही नसतं. मग बैलगाडी जुंपायची आणि खारी आणायची. ती धाब्यावर पसरायची, ढेकळं फोडायची, पायानं तुडवायची आणि ढाळ काढायचा तो पन्हाळीकडे. आजी खाली अंगणात उभी राहून सांगायची, इकडे कमी पडली, तिकडे जास्त झाली. दोन दिवसांचं काम. पुढे पावसात एखादी जागा टिपकलीच तर तोच गोणपाट डोक्यावर घेऊन वर जायचा, टाचेनं दाबायचा आणि खाली यायचा. आम्ही भाकरी खात असायचो. पातेलं जागचं हलायचं नाही.

खारीच का, हे मला फार उशिरा समजलं. त्या मातीत सोडियम असतो. तो मातीचे बारीक कण एकमेकांपासून सुटे करतो. पाणी पडलं की ते फुगतात, पसरतात आणि छिद्रं बुजवून टाकतात. म्हणजे पाऊस पडायला लागला की धाबं स्वतःच घट्ट होतं. शिवाय खाऱ्या मातीत गवत धड उगवत नाही, त्यामुळे मुळं छप्पर फोडत नाहीत. हे आमच्या सालदाराला कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की ही माती जिभेला लावली तर खारट लागली पाहिजे. लावून बघायचा.

आता पक्क्या घराकडे या. 1986 साली वडिलांनी दोंडाईच्यात स्लॅब टाकला तेव्हा गावाहून माणसं बघायला आली होती. मजुरांना जिलेबी दिली होती. वडील म्हणाले, आता वर बघायला नको. आणि खरोखरच कुणी बघितलं नाही. वर फक्त बिबडे आणि कुरडया वाळत घालायला जायचं आणि मे महिन्यात झोपायला. आता जरा गणित करा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर जातो, तापलेला स्लॅब त्याच्याही पुष्कळ पुढे. पहाटेच्या आणि दुपारच्या स्लॅबमध्ये तीस अंशांचा फरक धरला, तर दहा मीटर लांबीचं काँक्रीट दिवसाकाठी सुमारे तीन मिलिमीटर वाढतं आणि रात्री परत आखडतं. रोज. जवळपास चाळीस वर्षं. माझे गुडघे दोन जिने चढले की कुरकुरतात. स्लॅब बिचारा एवढी वर्षं रोज लांब होतोय, आखूड होतोय आणि आम्ही त्याला पक्का म्हणतोय. भेगा पडतात, भेगेतून पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की खालून काँक्रीटचा पापुद्रा ढकलून देते. मागच्या वर्षी देवघरापुढे पडला तो हाच.

धाब्याचे गोडवे गातोय असं समजू नका. छतातून ताटात माती पडायची, म्हणून खाली जुनी लुगडी ताणून बांधावी लागायची. सऱ्यांना वाळवी. विंचू तर असे पडायचे, जणू पाहुणे. आणि एखादं वर्ष खारी राहून गेली, घर म्हाताऱ्या माणसांचं आहे, मुलं बाहेरगावी आहेत, की सलग झडीत भिंतीसकट धाबं खाली यायचं आणि पेपरात दोन ओळींची बातमी. ती बातमी अजूनही दर जुलैला येते. म्हणून घरकुलाच्या यादीत नाव लागावं यासाठी चकरा मारणाऱ्याला मी कोणत्या तोंडानं सांगू, की बाबा मातीतच राहा? त्यानं स्लॅबच टाकावा. मी फक्त विचारतोय की स्लॅब टाकताना आपण वर चढणारा माणूस का काढून टाकला.

छपराचंच कशाला. इथून धुळ्याला जाताना लागणारं सोनगीर आठवा, तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव. त्या भांड्यांना वरचेवर कल्हई लागायची. कल्हईवाला गल्लीत भाता लावून बसायचा, नवसागराचा धूर निघायचा आणि आम्ही पोरं नाक धरून बघत राहायचो. मग स्टील आलं. त्याला काहीच लागत नाही. कल्हईवालाही गेला. ज्याला दरवर्षी हात लागतो ते मागासलेलं आणि ज्याला कुणीच लागत नाही ते सुधारलेलं, असा आपण एक हिशोब मांडून टाकला, आणि आता स्लॅब गळायला लागला तर दरवर्षी येणारी सगळी माणसं हिशोबातून वजा झालेली.

गुरुवारी सुरतेला जावं लागलं. भाच्याच्या घराची वास्तुशांत, म्हणजे आणखी एक स्लॅब. पॅसेंजरमध्ये खिडकी मिळाली, आणि आमच्या नेहमीच्या वाचकांनी ओळखलंच असेल की आता मी रुळावर येणार. नंदुरबारच्या अलीकडे गाडी थोडी थांबली. बाजूच्या रुळावरून एक माणूस चालला होता, हातात हातोडा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. भर उन्हात रुळाकडे बघत, मध्येच थांबून काहीतरी ठोकत. ही ताप्ती व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर टाकली गेली. आता दुहेरी झाली, विजेची झाली. लोखंड उन्हानं लांबतं हे रेल्वेला ठाऊक आहे. म्हणून ती उन्हाळ्यात गस्त घालते आणि पावसाळ्यातही घालते. पक्कं आहे, आता बघायला नको, असं तिनं सव्वाशे वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आमचा सालदार आला. बांधकाम लोखंडाचं, पण रीत धाब्याची.

समोरच्या बाकावर दोंडाईच्याचेच चौघं बसले होते. एक फरशीवाला, एक रंगवाला, दोघं प्लंबर. सगळे सुरतेला कामाला. मी म्हटलं, “अरे, गावात माणूस मिळत नाही रे.” फरशीवाला म्हणाला, “नाना, तिकडे रोज काम, रोज पैसा. तुमच्याकडे वर्षातून एकदा गळतं.” याला मला उत्तर सुचलं नाही. नवापूरला तर स्टेशनच दोन राज्यांत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातमध्ये आणि फलाटावरचं एक बाकडं निम्मं निम्मं. आमच्या तालुक्याचंही तेच झालंय. गळणारं छत महाराष्ट्रात, मिस्त्री गुजरातमध्ये.

आणि असं का झालं? मी वीस वर्षं सांगतोय. रूळ जिकडे, माणूस तिकडे. दोंडाईच्याहून सुरतेला गाडीत बसून जाता येतं, पण साठेक किलोमीटरवरच्या आपल्याच जिल्ह्याच्या गावाला, धुळ्याला, रुळानं थेट जाता येत नाही. धुळ्याला 1900 साली चाळीसगावहून फाटा आला, तो तिथंच येऊन थांबला. आमची लाइन पूर्व-पश्चिम गेली, ती त्याला न भेटताच. एकाच जिल्ह्यात राहणारे दोन भाऊ, सव्वाशे वर्षांत एकमेकांच्या ओट्यावर गेलेले नाहीत. आता धुळ्याच्या फाट्यावरचं बोरविहीर आमच्या लाइनवरच्या नरडाण्याला जोडणार आहेत. मनमाड-इंदूरलाही केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2024 मध्ये मान्यता दिली: 309 किलोमीटर, 18,036 कोटी. आनंद आहे. पण 1900 मध्येच हे दोन रूळ नरडाण्याला भेटले असते, तर आज माझा मिस्त्री धुळ्यात कामाला असता आणि रात्री जेवायला घरी आला असता, म्हणजे माझा टीव्ही कोरडा राहिला असता. याला पुरावा काय, असं विचारणारी पत्रं दरवेळी येतात. मी इतकी वर्षं लिहितोय आणि टीव्ही भिजतोय, आणखी काय पुरावा हवा?

असो. शुक्रवारी रात्री परत आलो तर पातेल्याच्या शेजारी बादली.

शनिवारी सकाळी मात्र मिस्त्री दारात उभा. पायजमा गुडघ्यापर्यंत पांढुरक्या मातीनं माखलेला. मी ठरवून ठेवलेलं सगळं बोलायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, “मना धाबावर खारी टाकनी व्हती, नाना. पानी येवाना पहिले.” तीन दिवस तो गावी होता. सकाळी शहरातल्या लोकांच्या स्लॅबांची डागडुजी करणारा हा माणूस स्वतः धाब्याखाली झोपतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

तो गच्चीवर गेला. डबा नाही, ब्रश नाही. बादलीभर पाणी ओतलं आणि उकिडवा बसून ते कुठं जातंय ते बघत राहिला. पाणी पन्हाळीकडे न जाता बरोबर मधे, टाकीच्या पायाशी जाऊन थांबलं. ढाळच उलटा. गॅरंटीवाल्यानं त्या डबक्यावरच आपलं रसायन फासलं होतं. मिस्त्री म्हणाला, मधला भाग उकरून कोबा नव्यानं करावा लागेल, ढाळ काढावा लागेल, आणि मग दरसाल उन्हाळ्यात एकदा येऊन भेगा बघाव्या लागतील. भाव वाजवी सांगितला. काम सोमवारपासून.

मी म्हटलं, मग असं कर, आखाजीच्या आखाजीला ये. साल ठरवूनच टाकू आपण. पैसे किती ते आताच सांग, मी कागदावर लिहून घेतो.

त्यानं हात धुतले, सूनबाईनं दिलेला चहा संपवला आणि पायऱ्या उतरत म्हणाला, “सकाय सांगसू, नाना.”