आवाज वाढला, पिकअप कुठे गेला?

आसेगावातून सकाळी मंगरूळपीरकडे कॉलेजला निघणाऱ्या गाड्यांत एखादी जुनी आरएक्स हंड्रेड असेल, तर ती न पाहताही ओळखता येते. तिचा एअर बॉक्स काढून उघडा कोन फिल्टर लावलेला असेल, वर मोठा कार्ब्युरेटर असेल, तर मग विचारूच नका. इंजिन हवा ओढतं तो घोगरा आवाज थेट कानात येतो आणि गाडी वेगात चालल्यासारखी वाटते. पण ती खरंच वेगात चालते का?

कार्ब्युरेटर पेट्रोल ढकलत नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. म्हणजे सगळा खेळ हवेच्या वेगाचा. आता २० मिलिमीटरच्या गळ्याऐवजी २४ चा बसवला, तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं. कमी आरपीएमवर इंजिन मात्र पूर्वीइतकीच हवा मागतं. एक्सलेटर पिळलात की मोठ्या गळ्यात हवा मंदावते, पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि गाडी क्षणभर 'घुटमळते'. स्पीड ब्रेकरनंतर, चढावर, डबलसीट असताना हे लगेच जाणवतं. फायदा होतो तो वरच्या आरपीएमवर, तिथं इंजिनला खरंच जास्त हवा हवी असते.

आता तुम्हीच सांगा, आपल्या रस्त्यांवर तो वरचा आरपीएम किती वेळ मिळतो? जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, तिथं मिळाला असता. पण समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही!

एअर बॉक्सला 'डबा' म्हणून हिणवू नका. त्यात हवा शांत होते, इंजिनच्या उष्णतेपासून दूर राहते आणि त्याचं आकारमान त्या इंजिनसाठी ठरवलेलं असतं. उघडा फिल्टर गरम हवा ओढतो, पावसात भिजतो. आणि सोयाबीनच्या हंगामात, थ्रेशर चालू असताना रस्त्यावर जे कुटार आणि धूळ उडते, तिच्यापुढे स्वस्तातला फिल्टर टिकत नाही. बारीक धूळ आत गेली की सिलिंडर आणि रिंगा घासतात. हा खर्च लगेच दिसत नाही, म्हणून मोजला जात नाही.

तरीही कार्ब्युरेटर उघडण्याचं एक खरं कारण सध्या आहे, ते म्हणजे ई-२०. २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल देशभर सर्रास मिळू लागलं. बिगर-इथेनॉल पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-२०च्या एका भागाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे. सेन्सर पाहून ते स्वतःला बऱ्यापैकी सावरून घेतं. कार्ब्युरेटरला डोकं नसतं. जेटचं भोक जेवढं, तेवढंच पेट्रोल येणार. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज होता.

अशा गाडीला उघडा फिल्टर लावला, तर मिश्रण आणखी पातळ होतं. इंजिन तापतं. टू-स्ट्रोकमध्ये तर पिस्टन जाम होण्याची भीती असते, तीही धावत्या गाडीत. म्हणून माझं मत विचाराल तर मोठा कार्ब्युरेटर नको. मूळचाच साफ करा आणि मेकॅनिककडून मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा. गाडी पळवून आल्यावर प्लग काढा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काजळी धरली असेल तर जास्त होतंय, कॉफीसारखा तपकिरी असेल तर जमलं. पायलट जेट आयडलिंग आणि सुरुवातीचा पिकअप सांभाळतो, सुई मधला, मेन जेट फुल एक्सलेटरचा. त्यामुळे तक्रार कुठल्या टप्प्यावर आहे ते मेकॅनिकला आधी सांगा. नुसतं "पिकअप नाही" म्हटलं तर तो बिचारा तिन्हीकडे हात घालतो.

इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवायचेही प्रकार चालतात, कारण सेन्सर महाग असतो. ते मला समजतं. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असं सांगितलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात प्रत्येक बेकायदा बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. सेन्सर आणि दंड यांची बेरीज-वजाबाकी आधीच करून घ्या.

आणि कोन फिल्टर लावलाच असेल, तर काढलेला डबा भंगारात देऊ नका. आरएक्सचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलंय. ओरिजिनल डबा पुन्हा शोधायला निघालात तर मायलेज काय असतं ते कळेल.