पहिली मोटारसायकल : रुबाब की ब्रेक?

भंडारा जिल्ह्यात धानाचे चुकारे हाती पडले, की अनेक घरांत पहिल्या मोटारसायकलचा विषय निघतो. निवड मात्र बहुधा वेग आणि रुबाब पाहून होते. लाखनी, साकोलीमार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर नवशिक्याची गाठ अवजड मालमोटारींशी पडते. तेथे ब्रेकच मोलाचा ठरतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना चाक जखडू न देणारी एबीएस, तर १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या गाडीत ती असेलच असे नाही. म्हणून स्वस्तातील जुनी गाडी घेण्याआधी निर्मितीचे वर्ष पाहावे. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, हेही तपासावे. रुबाबाची हौस पुढेही भागवता येईल. पहिल्या गाडीने मुलाला सुखरूप घरी आणावे, हे महत्त्वाचे.