कासवीची दृष्टी

देवळात शिरताना गाभाऱ्याच्या आधी आपल्याला भेटते ते दगडी कासव. त्याच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मगच पुढे व्हायचे, ही सवय भोसल्यांच्या काळापासून वैनगंगेकाठी राहिलेल्या आमच्या घराण्यांनी महाराष्ट्राबाहेर राहूनही सोडलेली नाही. या कासवाशी आपली आणखी एक ओळख आहे, ती संतांनी करून दिलेली. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही की चारा भरवत नाही. ती दूर राहून केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते, असा तो दृष्टांत. गुरुकृपा समजावून सांगताना कीर्तनकार तो हमखास घेतात. मीही वर्गात तो अनेकदा सांगितला आहे.

सृष्टीतले सत्य मात्र निराळे आहे. कासवी वाळूत खळगा करते, अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. परत वळून पाहत नाही. अंडी उबतात ती जमिनीच्या उष्णतेने, पिल्ले जगतात ती आपल्या नशिबाने. तेव्हा माणसाने कासव घरात आणले, त्याची वीण करविली, तर ती दृष्टी पुरवायची कोणी? या महिन्यात हा प्रश्न माझ्यापुढे अगदी घरगुती रूपात येऊन उभा राहिला, म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या शाळेतला नववीचा एक विद्यार्थी सकाळी प्रार्थनेपूर्वी माझ्या खोलीत आला. हातात स्टीलचा डबा, डब्यात ओल्या फडक्यावर ठेवलेली चार पांढरी, लांबट अंडी. "सर, आमच्या कासवानं घातली. आजी म्हणते, लक्ष्मी आली." सहा वर्षांपूर्वी त्याच्या मामाने एका मोठ्या शहरातून रुपयाएवढे हिरवे पिल्लू आणले होते. दुकानदाराने सांगितले होते, 'हे एवढेच राहते.' आता ते थाळीएवढे झाले आहे. मामेभावाची योजना तर तयारच होती: आणखी एक नर आणायचा, अंडी उबवायची आणि पिल्ले विकायची. "घरबसल्या धंदा होईल, सर."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. न्हाणीघरातल्या प्लॅस्टिकच्या टबात वीतभर पाण्यात ते बसले होते. अंगावर पिवळ्या रेघा, डोळ्यांमागे तांबडा पट्टा. बसायला कोरडा दगड नाही, ऊन नाही, अंडी घालायला माती नाही. आजींनी चहा पुढे केला आणि हळूच विचारले, "सर, हे वैनगंगेत सोडून दिलं तर पुण्य लागंल ना हो?"

तो प्रश्न ऐकून मी मनातून चरकलो. का, ते पुढे सांगतो.

तांबड्या कानपट्टीचे हे कासव आपल्याकडचे नव्हे. त्याचे माहेर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. इंग्रजीत त्याला 'रेड इअर्ड स्लायडर' म्हणतात. लुइझियाना प्रांतात त्याची शेतेच्या शेते उभी राहिली. तळ्यात माद्या, काठावर वाळू, आणि वाळूतून काढून उबवणीयंत्रात ठेवलेली अंडी. तेथील मुलांना या पिल्लांपासून साल्मोनेला जंतूंचा आजार होऊ लागला, तेव्हा अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी केली. मग शेतकऱ्यांनी काय करावे? त्यांनी पिल्ले परदेशी धाडली. १९८९ ते १९९७ या काळात पाच कोटींहून अधिक कासवे अमेरिकेबाहेर गेली. त्याच सुमारास दूरदर्शनवरच्या लढाऊ कासवांच्या चित्रमालिकेने जगभरच्या मुलांना वेड लावले होते. मुलांचे वेड ओसरले. कासवे मात्र तीस-चाळीस वर्षे जगणारी. ती तळ्यांत, कालव्यांत सोडली गेली. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्यांची आयात थांबवली, तोवर उशीर झाला होता. आज जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परकीय जीवजातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. केरळात त्रिशूरच्या कालव्यात ती सापडल्यावर तेथील वनसंशोधन संस्थेला लोकांना आवाहन करावे लागले की, कासवे पाण्यात सोडू नका, आमच्याकडे आणून द्या.

आता माझी गोष्ट. चार वर्षांपूर्वी एका परिचितांनी मला हाच प्रश्न विचारला होता. त्यांचेही कासव मोठे झाले होते, घरात वास येत होता. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "वैनगंगेत सोडा. मुक्या जिवाला मोकळे केल्याचे पुण्य लागेल." नुसता सल्ला देऊन थांबलो नाही, कार्तिकातल्या एका सकाळी त्यांच्यासोबत घाटावर गेलो. कासव पाण्यात सरकले आणि मी हात जोडले. एम.ए. झालेला, मुलांना शहाणपण शिकवणारा माणूस मी. पण ते कासव कुठले, काय खाते, नदीत आपली मऊ पाठीची देशी कासवे राहतात त्यांच्या वाट्याचे अन्न आणि उन्हाचे दगड ते बळकावील काय, घरातला रोग नदीत नेईल काय, यांतले काहीच मी विचारले नाही. त्या दिवशी मला पुण्य लागले नाही, हे आज मला स्वच्छ कळते.

याचा अर्थ माणसाने सरपटणाऱ्या प्राण्यांची वीण करूच नये असा नाही. आपल्याच मध्यप्रदेशात, मुरैनाजवळच्या देवरी येथे, चंबळच्या काठावरून घडियालाची अंडी आणून उबवतात, पिल्ले काही वर्षे वाढवतात आणि ती पुरेशी मोठी झाली की त्याच नदीत सोडतात. १९७० च्या दशकात देशात मोठे घडियाल दोनशेसुद्धा उरले नव्हते. आज एकट्या चंबळमध्ये लहानमोठे मिळून दोन हजारांच्या वर आहेत. आसामात हाजो येथे हयग्रीव माधवाच्या देवळाचे तळे आहे. काळ्या मऊ पाठीचे एक कासव २००२ मध्ये निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले होते. भाविकांनी देवाचे म्हणून जपल्यामुळे ते अशा तळ्यांत टिकून राहिले. तळ्याकाठची अंडी जपून उबवण्यात आली, पिल्ले त्यांच्याच प्रदेशातील जलाशयात सोडण्यात आली आणि २०२१ मध्ये तो 'नामशेष' शिक्का पुसला गेला. येथेही माणसाने अंडी उबवली, येथेही पिल्ले पाण्यात सोडली. भेद आहे तो हेतूचा आणि स्थळाचा. जीव जिथला, तिथेच परतला; आणि तो जन्मण्यापूर्वीच त्याची जागा ठरलेली होती.

जागा ठरलेली नसेल तर चांगल्या हेतूचीही कशी कोंडी होते, याचे उदाहरण मद्रासजवळच्या मगरपेढीचे. १९७६ साली रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी ती काढली. आपली मगर तेव्हा नाहीशी होत चालली होती. पेढीत वीण उत्तम झाली, इतकी की मगरी हजारोंनी वाढल्या आणि सोडण्यासाठी नद्या उरल्या नाहीत. अखेर सुमारे एक हजार मगरी गुजरातेत जामनगरला पाठवायचे ठरले. जाणत्या, प्रामाणिक माणसांना हे भोगावे लागले. मग न्हाणीघरातल्या टबात धंदा काढणाऱ्याचे काय?

मी मुलाला वही घेऊन बसवले आणि त्रैराशिक मांडायला लावले. या कासवाची मादी एका खेपेला दोनापासून तीसपर्यंत अंडी घालते. खेपाही वर्षात एकाहून अधिक होतात. आपण वीस अंडी आणि दोनच खेपा धरू. चाळीसांपैकी निम्मी जगली तर वर्षाला वीस पिल्ले, पाच वर्षांत शंभर. प्रत्येकाला तीस वर्षे ऊन, स्वच्छ पाणी, चुन्याचा अंश असलेले अन्न. "बालाघाटात अशी शंभर घरे तुला ठाऊक आहेत?" मुलाने बरीच घरे मोजली, दोनावर थांबला. त्यांतले एक त्याचे स्वतःचे होते.

जबलपूरला पशुवैद्यक शिकणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मी फोन केला. तो म्हणाला, हे पिल्लू असताना एकटेच आले, नराशी त्याची गाठच पडली नाही, तेव्हा ही अंडी वांझ आहेत. कोंबडीप्रमाणे कासवीही नराविना अंडी घालते. परंतु तिला खणायला माती न मिळाली तर ती अंडी पोटात अडवून धरते आणि त्यात जीवही जातो. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती मला अद्भुत वाटली. या जातीत नर की मादी हे अंड्यातल्या उष्णतेवर ठरते: सव्वीस अंशांच्या आसपास नर, एकतीसच्या आसपास मादी. म्हणजे उबवणारा केवळ जन्मच देत नाही, पिल्लाची जातही ठरवतो. एवढा अधिकार ज्याच्या हाती, त्याची जबाबदारी किती!

हा अधिकार बेफिकिरीने वापरला की काय होते, तेही त्याच्याकडूनच कळले. परदेशांत आणि आता आपल्या शहरांतही ठिपक्यांच्या पाली आणि आफ्रिकेतील लहान अजगर रंगांसाठी पाळतात. नवा रंग निघाला की किंमत चढते, म्हणून एकाच रक्ताच्या जिवांची पुन्हा पुन्हा वीण करतात. अजगराचा 'स्पायडर' नावाचा एक वाण आहे. नक्षी सुंदर, पण त्याचे डोके डुलते, भक्ष्यावर नेम बसत नाही, कारण नक्षीबरोबर मज्जासंस्थेचा दोषही वारशाने येतो. 'लेमन फ्रॉस्ट' नावाची फिकट पिवळी पाल निघाली, तिच्या अंगावर गाठी येऊ लागल्या. त्या जोपासणाऱ्या एका अमेरिकी गृहस्थाने ते लपवले नाही. विद्यापीठातील शास्त्रज्ञांना नमुने दिले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तोच गुण रंग देतो आणि तोच अर्बुद, अशा पालींपैकी दहांत आठांहून अधिक जणींना गाठी होतात. तोटा सोसून सत्य सांगणारा तो गृहस्थ मला जबाबदार वाटतो. दोष ठाऊक असून देखणी पिल्ले विकणारा बेजबाबदार.

आपल्या देशात कायद्याची मर्यादा आहे, ती प्रत्येक घराला माहीत असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी कासवे, साप, घोरपडी पाळण्यास व विकण्यास मनाई आहे. भाग्य उजळते म्हणून पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव घरात ठेवणारी मंडळी आहेत. 'आमच्याकडेच जन्मलेले आहे,' असे सांगणारे विक्रेतेही आहेत. तो गुन्हाच आहे. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी प्राण्यांनाही कायद्याच्या कक्षेत आणले. असे प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंद करावी, जन्म आणि मृत्यू कळवावेत, यासाठी २०२४ मध्ये नियम झाले. परंतु कायदा दारापर्यंत येतो. टबात काय चालले आहे, हे पाहायला घरचीच नजर लागते.

माझ्या मते वीण करविणाऱ्याने आधी चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आई-बाप कोण, निरोगी आहेत काय, भावंडे तर नाहीत? जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लाला घर आधीच ठरले आहे काय? घेणाऱ्याला त्याचे पुढचे आकारमान आणि आयुष्य खरे खरे सांगितले काय? आणि घेणाऱ्याला ते सांभाळता आले नाही, तर परत घेण्याची तयारी आहे काय? एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर अंडी उबवू नयेत. न उबवणे हेदेखील पालनच आहे.

त्या घरी आम्ही जे ठरवले ते असे. नर आणायचा नाही. मामेभाऊ थोडा नाराज झाला, पण वहीतले त्रैराशिक त्यानेही दोनदा तपासले. परसात सिमेंटचे टाके, मधोमध दगड, एका बाजूला वाळूचा ढीग आणि वर जाळी, एवढी सोय पुढच्या रविवारी मुलाने वडिलांच्या मदतीने केली. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, हे आजींनी स्वतःकडे घेतले. घरात त्यांचा शब्द मोडत नाहीत.

निघताना आजी म्हणाल्या, "मी बहात्तरची. हा पोरगा बारावीनंतर बाहेरगावी जाईल. मग याच्याकडे कोण बघंल?" प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर मी चार वर्षांपूर्वीच देणे लागत होतो. मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहून दिले की, घरच्यांना सांभाळणे अशक्य झाले तर हे कासव माझ्याकडे येईल; आणि खाली सही केली. घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनी परसातली एक जागा दाखवली, तेवढे एकच विचारले, "हे तुमच्यानंतरही जगेल ना?" जगेल. तेव्हा त्या पानावर आमच्या मुलाचीही सही घ्यावी लागणार आहे. दिवाळीत तो येईल.

परवा देवळात गेलो, दगडी कासवाच्या पाठीला हात लावला. वैनगंगेत सोडलेले ते कासव आज कुठे असेल, कोण जाणे. दृष्टांत मी पुढेही वर्गात सांगेन. पण आता त्याला एक जोड देईन. कासवी मागे वळून पाहत नाही, म्हणूनच तिची पिल्ले ज्याने आपल्या हौसेखातर घरात आणली, त्याने नजर वळवता कामा नये.