बुवा नव्हे, बाई

आमच्या घरात सकाळी रेडिओवर धारवाड केंद्र लागलेलं असे. आई भाकऱ्या थापता थापता ऐकायची. मी तिसरी-चौथीत असेन, एकदा विचारलं, "आई, हे कुठले बुवा गातायत गं?" आई हसली. "बुवा नव्हे रे, बाई आहे. हुबळीच्या गंगूबाई." तो आवाज बाईचा आहे यावर पुढं कित्येक दिवस माझा विश्वास बसला नव्हता. मूळचा आवाज बारीक आणि उंच होता; घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि तो कायमचा जाड झाला, हे मला फार नंतर कळलं.

गंगूबाई हनगल यांच्या गायकीवर जाणकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला आज त्यांच्या घराविषयी लिहावंसं वाटतं.

जन्म धारवाडचा, ५ मार्च १९१३ चा. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचं गात. त्यांचं गाणं ऐकायला अब्दुल करीम खाँसाहेब घरी येत, यावरून काय ते समजावं. पण लेकीचा ओढा हिंदुस्थानी गाण्याकडे. तिला शिकता यावं म्हणून बिऱ्हाड हुबळीला हललं. आणि मुलीच्या कानावर दोन पद्धतींची सरमिसळ नको म्हणून अंबाबाईंनी स्वतःचं गाणंच थांबवलं. मुलांसाठी नोकरी सोडणाऱ्या आया आपण पाहतो. पण जिचं गाणं ऐकायला खाँसाहेब येतात, तिनं गळा मिटून घ्यायचा म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. १९३२ साली अंबाबाई गेल्या. तेव्हा गंगूबाई जेमतेम एकोणीस वर्षांच्या होत्या.

आपल्या बेळगावशीही त्यांचं नातं आहे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनात महात्माजींसमोर स्वागतगीत म्हणणाऱ्यांत अकरा वर्षांची गंगू होती. त्या अधिवेशनाचं आपल्याला केवढं कौतुक! काँग्रेस विहीर दाखवल्याशिवाय आपण पाहुण्याला परत पाठवत नाही. पण त्या पोरीच्या मनात त्या दिवशी धाकधूक होती ती गाण्याची नव्हे. जेवणानंतर आपल्या जातीकडे बघून उष्ट्या पत्रावळी उचलायला सांगतील की काय, याची. ही आठवण त्यांनीच पुढं सांगितली आहे. विहिरीपाशी उभं राहून मी विद्यार्थ्यांना ती सांगतो, तेव्हा सगळे गप्प होतात.

सोळाव्या वर्षी त्यांनी गुरुराव कौलगींशी संसार मांडला. ते ब्राह्मण, शिक्षणानं वकील. वकिलीत जम बसला नाही, धंदे केले त्यात खोट आली. दोन मुलगे, एक मुलगी. घर चालवायचं तर गायला हवं, आणि गायचं तर घर सोडून मुंबई-कलकत्ता गाठायला हवं. पण नवऱ्याबद्दल त्या कडवट बोलल्याचं माझ्या वाचनात नाही. १९६६ मध्ये गुरुराव गेले.

या सगळ्यात शिक्षण चालूच होतं. गुरू सवाई गंधर्व कुंदगोळला. हुबळीहून रेल्वेनं जायचं, संध्याकाळची तालीम घ्यायची, रात्रीच्या गाडीनं परत. स्टेशनापर्यंत सोबतीला गुरुगृही राहणारा भीमसेन नावाचा पोरगा असे. सवाई गंधर्व एकेक पलटा घोटून घेत, तो गळ्यावर चढल्याशिवाय पुढचं देत नसत. घरी परतल्यावर मुलांचं आजारपण, वाण्याची उधारी, सकाळची चूल. एच.एम.व्ही.च्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांवर त्यांचं नाव 'गांधारी हुबळी' असं छापलं जाई. त्यांत मराठी भावगीतंही होती. भाषेवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आपल्या भागाला हे आठवून द्यायला हरकत नाही.

मुसलमान गवई उस्ताद होतो, हिंदू गवई पंडित होतो, आम्ही मात्र बाईच राहतो, अशा अर्थाचं त्या बोलत. पुढं पद्मविभूषण मिळालं, म्हैसूरच्या संगीत विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. तरी आपल्या तोंडी त्या गंगूबाईच.

धारवाडला एम.ए. करत असताना एका बैठकीत त्यांना समोरून ऐकलं. पांढऱ्या केसांची लहानखुरी बाई, आणि मागे तानपुऱ्यावर मुलगी कृष्णा. आई दमली की कृष्णा अलगद सूर उचलायची आणि आईनं श्वास घेतला की तो परत तिच्या हाती द्यायची. कुठं एकीचं थांबलं आणि दुसरीचं सुरू झालं ते कळू नये. शेजारचे एक धारवाडी गृहस्थ मला म्हणाले, "ही एकटी गायला बसली असती तर हिचं नाव वेगळंच झालं असतं." ते खरं असावं. आजीनं लेकीसाठी गाणं सोडलं. नातीनं गाणं सोडलं नाही, पण आईच्या मागची जागाही सोडली नाही. हा त्याग म्हणावा की तिची आवड? मला ठरवता आलेलं नाही. तिला कुणी विचारलं होतं का, कोण जाणे.

२००४ साली कृष्णाबाई कॅन्सरनं गेल्या. पेपरात बातमी वाचून आमची आई एवढंच म्हणाली, "आता म्हातारीच्या मागं कोण गाणार रे?"

तरी २००६ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्या शेवटचं जाहीर गायल्या. २१ जुलै २००९ ला हुबळीत गेल्या. नेत्रदान करून गेल्या. नातवंडं-पतवंडं असलेलं घर मागं राहिलं.

माझ्याकडे त्यांची एक जुनी कॅसेट आहे. इतकी वर्षं ती लावून मी गंगूबाईच ऐकत आलो. हल्ली मागचा आवाज ऐकायचा प्रयत्न करतो. तो सापडायला वेळ लागतो.