लादी चकचकीत, पण छातीचं काय?

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की रत्नागिरी शहरात आणि गणपतीपुळ्याकडे हॉटेलं, फ्लॅट यांच्या साफसफाईला जोर येतो. तिथे आता बऱ्याच ठिकाणी लाकडासारखी दिसणारी व्हिनाइलच्या पट्ट्यांची लादी असते. ती चमकावी म्हणून वर्षभर पॉलिशवर पॉलिश मारतात. जुना थर न काढता नवा दिला, की मधे धूळ अडकते आणि लादी पिवळट, चिकट होते. मग मालक म्हणतो, "घासून काढा." घासणारे हात बऱ्याचदा आपल्या वस्तीतल्या ताईंचे असतात.

आम्ही परिचारिका म्हणून नोकरीत असताना अशीच एक ताई खोकत, डोळे चोळत आली होती. थर निघेना म्हणून तिने संडासचं ॲसिड आणि ब्लीच एकाच बादलीत ओतलं होतं. खिडक्या बंद. या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. तो डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतो. ताई बरी झाली, पण "माझीच चूक" म्हणत राहिली. आम्हाला ते पटलं नाही. तिच्या हातात बाटल्या दिल्या, माहिती कुणीच दिली नाही.

खरं तर ॲसिड चुन्याच्या डागांवर चालतं, पॉलिशच्या थरावर नाही. आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण वापरून पाहावा. तेवढ्याने भागलं नाही, तर पॉलिश काढण्याचं औषध मिळतं. ते बाटलीवर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळावं आणि आधी कोपऱ्यात लावून पाहावं. मग थोडा थोडा भाग घ्यावा, सांगितलेला वेळ थांबावं, औषध सुकू न देता मऊ ब्रशने घासावं. निघालेला चिखल पुसून घ्यावा आणि स्वच्छ पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसावं. बादली ओतू नये, पाणी सांध्यात शिरून पट्ट्या उचलतात. तारेची घासणी तर नकोच.

या औषधात पुष्कळदा अमोनिया असतो. त्यात ब्लीच पडलं, तरीही विषारी वायू तयार होतो. म्हणून दोन बाटल्या कधीच एकत्र करू नका. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, रबरी हातमोजे आणि चप्पल घाला. दम्याच्या किंवा गरोदर ताईंनी हे काम घेऊ नये. श्वास कोंडला तर बादली तिथेच सोडून मोकळ्या हवेत या. डोळ्यांत उडालं तर किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि १०८ ला फोन करा.

हातमोजे कोणी आणायचे? आमचं स्पष्ट मत आहे : ज्याची लादी, त्याने. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कामगाराची सुरक्षितता ही मालकाची मेहेरबानी नाही, हे आपण त्यांच्याकडूनच शिकलो. एकटीने मागितलं तर काम जाण्याची भीती असते. म्हणून वस्तीतल्या सगळ्या ताईंनी मिळून एकच सांगायचं : हातमोजे आणि उघडी खिडकी नसेल, तर थर निघणार नाही.

आणि मालकांनाही एक सांगणं. आजच्या बहुतेक व्हिनाइल लाद्यांवर कारखान्यातच संरक्षक थर दिलेला असतो. त्यांना पॉलिश लागतच नाही. नुसत्या ओल्या फडक्याने पुसा. म्हणजे थर साचणार नाही आणि तो काढताना कुणाची छातीही जळणार नाही.